लाल रेघेची जबाबदारी

ड्रॉइंग दिल्लीतल्या कार्यालयात होते, स्ट्रक्चरल सल्लागार नोएडात बसतो आणि साइट असते गुरुग्रामला. एकच पीडीएफ तिघांसमोर ऑनलाइन उघडी असते आणि तिच्यावर कोणीही बोटाने किंवा पेनाने रेघ ओढू शकतो. आपल्या व्यवसायाला ही सोय मोलाची आहे. ‘जिन्याजवळचा पाइप जरा आत घ्या’ असे लिहिले तर तिघे तीन अर्थ लावतात; एक गोल आणि एक बाण काढला की शंका फिटते.

हाताने बोलण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. कोकणातल्या आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांनी शौकत राय यांच्यासह दिल्लीत कार्यालय थाटले, त्या काळी दुरुस्ती लाल पेन्सिलीने होई. प्रिंटवर उमटलेली खूण त्या प्रिंटबरोबरच साइटवर जाई. पीडीएफवरची मुक्त रेघ तशी कायम नसते. ती मूळ पानात मिसळत नाही, पानावर वेगळी ठेवलेली असते. ती हलवता येते, पुसता येते. टिपा वगळून प्रिंट काढली तर कागदावर येतच नाही आणि नवे रिव्हिजन अपलोड झाले की जुन्या फाइलवरच राहून जाते.

दुसरा धोका मापाचा. ए-१ कागदाची उंची ५९४ मिलिमीटर, तर आडव्या धरलेल्या फोनच्या पडद्याची सुमारे ७०. १:१०० प्रमाणातले पूर्ण पान फोनवर पाहताना ओढलेली एक मिलिमीटर जाडीची रेघ साइटवरचे सुमारे ८५ सेंटिमीटर व्यापते. म्हणजे जवळजवळ एका दाराची रुंदी! अशा रेघेवरून बीममधल्या स्लीव्हची जागा ठरवणे धोक्याचे आहे.

म्हणून आमचा आग्रह पाच गोष्टींचा. रेघेने जागा दाखवावी, माप मात्र आकड्यातच लिहावे. प्रत्येक खुणेपाशी आद्याक्षरे, तारीख आणि रिव्हिजन क्रमांक असावा. खूण मान्य झाली की दुरुस्ती मूळ ड्रॉइंगमध्ये करून तिच्याभोवती क्लाउड काढावा व नवा क्रमांक द्यावा. चर्चेची प्रत फ्लॅटन करून, म्हणजे खुणा पानात पक्क्या करून, स्वतंत्र जपावी. साइटवर जावी ती फक्त जीएफसी, म्हणजे बांधकामासाठी मंजूर केलेली, प्रत.

एनसीआरमध्ये याची निकड अधिक आहे. हिवाळ्यात प्रदूषण वाढले की ‘ग्रॅप’ या टप्प्याटप्प्याने निर्बंध लावणाऱ्या योजनेच्या वरच्या टप्प्यांत बरीच बांधकामे थांबतात, ड्रॉइंगवरची चर्चा मात्र चालूच राहते. बंदी उठताच रखडलेले काम भरून काढण्याची घाई होते आणि अर्धवट सुटलेल्या खुणा नेमक्या तेव्हाच नजरेतून निसटतात. काम पुन्हा सुरू होण्याआधी प्रत्येक कार्यालयाने सल्लागार आणि साइट इंजिनियर यांच्यासह एकदा बसावे आणि प्रत्येक उघडी खूण एक तर ड्रॉइंगमध्ये उतरवावी, नाही तर कारण नोंदवून रद्द करावी. सळई बांधणाऱ्याला आपल्या मनातला हेतू ओळखायला लागू नये. त्याच्या हाती निःसंदिग्ध ड्रॉइंग देणे हे आपले काम आहे.