धनुर्वाताच्या सुईची तारीख बोटीच्या फाइलीत ठेवा



हजिरा असो की डुमस, बोटीचं लायसन, विमा, डिझेलच्या पावत्या सगळं फाइलीत नीट लावलेलं असतं. पण तांडेलाने धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली, ते कुठेच लिहिलेलं नसतं. बायकांच्या गरोदरपणातल्या सुया ममता कार्डावर चढतात, पोरांच्याही चढतात. दर्यावर हातपाय फोडून घेणाऱ्या गड्याचं मात्र कार्डच नाही.

गळ रुतला, शिंगाळ्याचा काटा घुसला, की आपण आधी गंज बघतो. दोष गंजाचा नाही. जंतू माती, चिखल, शेणात असतात आणि हवा न लागणाऱ्या खोल जखमेत वाढतात. म्हणून वरून बारीक दिसणारं भोकच जास्त धोक्याचं.

दर कापाला किंवा दर सहा महिन्यांनी सुई लागत नाही. आधी तीन डोस पुरे झाले असतील, तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसला 10 वर्षं झाली का ते बघतात. खोल, मळलेल्या जखमेला 5 वर्षं. पण डोस अपुरे असतील किंवा आठवतच नसतील, तर मळलेल्या जखमेला लसीसोबत तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागतं, कारण लसीला काम करायला दिवस जातात. तारीख सांगता आली नाही, तर डॉक्टर डोस झालेच नाहीत असं धरतात.

‘चोवीस तास उलटले, आता काय उपयोग’ हेही सोडा. दातखीळ बसायला बहुधा 3 ते 21 दिवस लागतात. बोटीवर जखम साबण आणि गोड्या पाण्याने धुवा, तंबाखू-डिझेल लावू नका, आणि बंदराला लागताच दवाखाना गाठा.

आमचं म्हणणं सरळ आहे. हे काम बोटमालकाने अंगावर घ्यावं. ज्यांचे डोस झालेच नाहीत, त्यांना पावसाळी बंदी लागताच पहिला टीडी डोस द्यावा, चार आठवड्यांनी दुसरा. दोन्ही बंदीतच उरकतात. तिसरा सहा महिन्यांनी, मग दर 10 वर्षांनी एक.

काही मालक म्हणतील, खलाशी दर हंगामाला बदलतो, आम्ही का करायचं? अहो, कागद त्याच्यासोबत जाईल, तसा दुसऱ्याचा तुमच्याकडे येईल. जाळं फाटलं तर आपण बंदीत बसून विणतोच ना? मग ते ओढणाऱ्या हातांची तेवढी तरी काळजी घेऊ या.