बीटा पुढे ढकलला? मग रिलीजही ढकला!

"काही तांत्रिक अडचणींमुळे बीटा टेस्ट पुढे ढकलण्यात येत आहे" हे वाक्य स्क्रीनवर आलं रे आलं की आमच्या अंधेरीतली गेमर पोरं कंपनीच्या नावानं बोटं मोडायला लागतात. रात्रभर जागून डाउनलोड केलेलं असतं, कुणी ऑफिसात रजा टाकलेली असते. चिडणं साहजिक आहे, पण चिडतात ती भलत्याच गोष्टीवर. बीटा पुढे गेला याचा राग नको. बीटा पुढे गेला आणि रिलीजची तारीख मात्र जागची हलली नाही, तर खुशाल बोंबला.

जपानच्या स्क्वेअर एनिक्सचा 'फायनल फँटसी १४' घ्या. ऑगस्ट २०१० च्या शेवटी ओपन बीटा सुरू व्हायचा होता. ऐन वेळी गंभीर बग सापडले म्हणून पुढे ढकलला. किती? जेमतेम एक-दोन दिवस! (आमच्या सर्व्हर रूमच्या एसीचा मेकॅनिक यायलाही जास्त वेळ लागतो.) आणि रिलीज? ३० सप्टेंबर २०१०, ठरल्याप्रमाणे. म्हणजे लोकांनी खेळायचं, तक्रारी करायच्या आणि यांनी त्या निस्तरायच्या, सगळं महिन्याच्या आत. व्हायचं तेच झालं. डिसेंबरमध्ये प्रमुख बदलावा लागला, महिन्याची फी माफ करावी लागली, नोव्हेंबर २०१२ मध्ये सर्व्हर बंद झाले आणि गेम नव्यानं बांधून ऑगस्ट २०१३ मध्ये परत आणला. आता महिनाभर थांबून तो वाचला असता असं मी म्हणत नाही, दुखणं मुळातलंच होतं. पण एक्स-रे काढायला वेळच द्यायचा नाही, याला काय म्हणायचं?

बीटा म्हणजे फुकट खेळायची जत्रा नव्हे राव. ऑफिसात दहा जणांनी खेळून जे कळत नाही ते कळण्यासाठी तो असतो. अंधेरीला संध्याकाळी एक विरार लोकल रद्द झाली की काय होतं? पुढच्या गाडीला दुप्पट गर्दी, ती दारातच अडते, लेट होते, तोवर तिसऱ्या गाडीची माणसं जमलेली! लॉगिन सर्व्हरचं डिट्टो तसंच. एकदा लॉगिन फसलं की प्रत्येक जण पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि आधीच मोडकळीला आलेला सर्व्हर पार झोपतो. २०१२ च्या मे महिन्यात 'डायब्लो ३' आला त्या दिवशी लोकांनी गेमपेक्षा 'एरर ३७' जास्त पाहिली. आणि हे ब्लिझार्डचं, कुणा नवशिक्याचं नव्हे!

मार्केटिंगवाले म्हणतील, तारीख जाहीर केली, जाहिराती दिल्या, आता नाक कापलं जाईल. कसलं नाक? पुण्याच्या सुपरगेमिंगनं 'इंडस' २०२२ मध्ये जाहीर केला, तो बाजारात आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधल्या काळात लोकांकडून खेळवून घेत बसले. गेम आवडो न आवडो, पद्धत बरोबर.

आणि हे खूळ फक्त गेमवाल्यांचं नाही हो. २०१७ साली आपल्या मुंबई विद्यापीठानं सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका एकदम कॉम्प्युटरवर तपासायला घेतल्या. सतरा लाखांच्या वर! स्कॅनिंगपासूनच सगळं रखडलं. एखाद-दुसऱ्या शाखेवर आधी नीट चालवून, मग पुढच्या वर्षी बाकीच्यांना लावायला कुणी अडवलं होतं? निकाल ४५ दिवसांत लागायला हवेत असा कायदा, राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही उलटली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना घरी जावं लागलं ते वेगळंच. पण परदेशात ॲडमिशन मिळालेली पोरं मार्कशीटसाठी कालिन्याला खेटे घालत होती, त्यांचं काय? बीटा पुढे गेला तर पोरांचा फार तर एक वीकेंड बुडतो.