घराचा फोटो कुणाकडे आहे?

नरसी नामदेवला आलेला यात्रेकरू मंदिराचा फोटो काढतो, कयाधूचा काठ टिपतो. पंजाबहून येणारे शीख भाविकही तेच करतात. ज्या गल्लीतून ते जातात, तिथल्या घरांकडे मात्र कुणी मोबाईल वळवत नाही. घरवाले आपणही वळवत नाही. लग्नाचा अल्बम काढून पाहा. दुल्हा आहे, दुल्हन आहे, देगसुद्धा आहे. घर मात्र मांडवाच्या कापडामागे झाकलेलं.

आपल्या भागातलं जुनं घर म्हणजे माळवद. मातीच्या जाड भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर फळ्या नि काटक्यापाल्याचा थर, आणि सगळ्यांवर पांढरी माती. असं घर फुटांत नव्हे, खणांत सांगत. पावसाळ्याआधी छतावर नवी माती टाकायची रीत, त्यामुळे छत वर्षागणिक जड होत जाई. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला हेच वजन झोपलेल्या माणसांवर कोसळलं. किल्लारी इथून लांब. पण धास्ती साऱ्या मराठवाड्यात पोहोचली. कितीतरी घरांची माळवदं उतरून पत्रे आले, आता पत्रे जाऊन स्लॅब येतो आहे. एकाच गल्लीत तीन काळ शेजारी शेजारी उभे आहेत, पण फार दिवस राहणार नाहीत.

जुनी घरं पाडू नका, असं आम्ही म्हणत नाही. गळक्या छताखाली भांडी मांडून रात्र काढणाऱ्या आईला माळवदाचं कौतुक सांगणारे आम्ही कोण? मागणं एवढंच की, आधी फोटो काढा. घरकुलाच्या मंजुरीसाठी जुन्या घराचा फोटो मोबाईलवर घेतात. पुष्कळ घरांचा तो एकमेव फोटो ठरतो, आणि तोही सरकारकडे!

अमेरिकेने हे काम 1933 साली हाती घेतलं. मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना सरकारने जुन्या इमारतींची मापं घ्यायला, नकाशे आणि फोटो काढायला लावलं. त्यात धनिकांच्या हवेल्या आहेत, तशा लाकडी ओंडक्यांच्या झोपड्या आणि गुलामांच्या खोल्याही आहेत. त्यांतल्या अनेक इमारती आज उभ्या नाहीत. फोटो तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत, कुणीही पाहू शकतो.

आपल्याला एवढा व्याप नको. सकाळच्या तिरप्या उन्हात दर्शनी भाग घ्या, मग ढेलज, ओसरी, चूल, छताला उजेडासाठी ठेवलेलं साणं. दारात उंचीची खूण म्हणून एखादी काठी उभी करा आणि तिचं माप लिहून ठेवा. कुरआन शरीफ ठेवायचा ताक (प्यायचं ताक नव्हे, भिंतीतला कोनाडा) विसरू नका. आतल्या खोल्यांचे फोटो घरातल्या मुलींनीच काढावेत, म्हणजे पडद्याचा प्रश्न येत नाही. तसबिरींबाबत एहतियात पाळणाऱ्या घरांतही रिकाम्या भिंतीला हरकत नसते. फोटो छापून घ्या. मागे साल, खण किती, घर कुणी बांधलं हे लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा.

आणि एक प्रत बहिणींना पाठवा. घर पाडायचं भाऊ ठरवतात. परभणीला नाहीतर नांदेडला दिलेल्या बहिणीला ते ईदला आल्यावर कळतं. ज्या ओसरीवर तिने सिपारा वाचला, ती जागा आता पार्किंगची असते. "भाई, एक फोटो तरी काढायचा होता," एवढंच ती म्हणते, आणि चहा प्यायला बसते.

पाडकाम बहुधा उन्हाळ्यात निघतं, पावसाच्या आत स्लॅब पडावा म्हणून. तेव्हा फोटोचं काम मार्चपूर्वीच उरकून घ्या.