रानपिंगळ्याचे छायाचित्र आणि त्यामागचे रान

बऱ्हाणपूर म्हटले की आपल्याकडच्या माणसाला असीरगड आठवतो, तापीचा घाट आठवतो, १६३१ साली तेथे मुमताजमहलने घेतलेला अखेरचा श्वास आठवतो आणि खवय्या असेल तर मावा-जिलेबी. पण इंदूर-इच्छापूर रस्त्याने लांब भिंगाचे कॅमेरे घेऊन खाली उतरणारी जी मंडळी अलीकडे भेटतात, त्यांना यातले काहीच नको असते. ती खकनारच्या रानाकडे वळतात. त्यांना हवा असतो एक वीतभर पक्षी. रानपिंगळा! मीही त्यांतलाच एक, हे आरंभीच कबूल करतो.

पिंगळा आपल्याला अपरिचित नाही. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा जोशी ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो गावातला ठिपक्यांचा पिंगळा. रानपिंगळा त्याचा चुलतभाऊ. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर व शेपटीवर ठळक पट्टे, आणि भर उन्हात निष्पर्ण फांदीवर बसण्याची सवय. १८७३ मध्ये ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर मात्र तो कोणाला दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी तेवढी उरली. त्यांतल्या एकावर १९१४ सालची, गुजरातेतल्या मांडवीची चिठ्ठी होती. ती चिठ्ठी खोटी होती! माइनर्ट्‌झहागेन नावाच्या नामांकित पक्षितज्ज्ञाने जुना नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर स्वतःचे नाव व ठिकाण चिकटवले होते. पुढे लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर नको तेथे शोधत राहिले. १९७५ मध्ये सालिम अली आणि रिप्ले यांचा शोधही व्यर्थ गेला. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली, खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धरली आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह हा पक्षी पुन्हा पाहिला. ११३ वर्षांनी! त्या सकाळी घेतलेल्या चित्रफितीने व छायाचित्रांनी शंकेला जागा ठेवली नाही. पुढच्या सर्वेक्षणांत तो मेळघाटात सापडला आणि खंडवा-बऱ्हाणपूरच्या सागवानी रानांतही.

म्हणजे या पक्ष्याच्या चरित्रात ठिकाणाच्या चिठ्ठीला किती महत्त्व आहे पाहा. आणि नेमके तेथेच आम्हा छायाचित्रकारांचे घोडे पेंड खाते. काही वर्षांपूर्वी माझे एक चित्र बरे उतरले, म्हणून ते ओळखीच्यांना पाठवताना मी उत्साहाच्या भरात पाड्याचे नावही लिहिले. पुढल्या आठवड्यात त्या ओढ्याकाठी सात मोटारी उभ्या होत्या. एकाने मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला होता. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असे समजून बिचारा नर पुन्हा पुन्हा फांदीवर येई. आणि याच दिवसांत ढोलीत बसलेल्या मादीला भक्ष्य आणून देण्याचे काम त्याचे असते. चित्रे सर्वांनाच सुरेख मिळाली. मला त्या दिवशी कॅमेरा काढण्याची लाज वाटली. घरट्याजवळची चित्रे अनेक स्पर्धा आता स्वीकारीत नाहीत, हे ठीकच झाले. पण मोबाइलवर मिरवायला स्पर्धा कशाला लागते?

तेव्हापासून ठिकाण लपवावे असे मी ठरवले होते. मग बऱ्हाणपूरच्या रानावर संकट आले. २०२२-२३ मध्ये नेपानगरच्या बाजूला मोठ्या प्रमाणावर बेकायदा वृक्षतोड झाली. एप्रिल २०२३ मध्ये तर जमावाने नेपानगरच्या पोलीस ठाण्यावर चाल करून पकडलेली माणसे सोडवून नेली. शहरात बसून याला ‘आदिवासी विरुद्ध जंगल’ असे नाव देणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. तोड थांबवा म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी धरणे धरणाऱ्यांत आदिवासींची संघटनाच पुढे होती. वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क मानला आहे. जुना कसणारा आणि काल कुऱ्हाड घेऊन आलेला यांत फरक न केल्यास पहिला भरडला जातो आणि दुसऱ्याचे फावते.

हा फरक दाखवायला पुरावा लागतो. मी माझी दहा-बारा वर्षांची चित्रे काढून बसलो. पक्षी शेकड्यांनी होते. रान? मोठ्या भिंगाने छिद्र उघडे ठेवून चित्र घेतले की पाठीमागचे सारे गुळगुळीत विरघळते. ‘पार्श्वभूमी काय सुंदर आहे!’ म्हणून ज्या चित्रांची वाहवा झाली, त्यांत झाड कोठले, ओढा कोठला, काही म्हणता काही कळत नव्हते. माइनर्ट्‌झहागेनने खोटी चिठ्ठी लावली, आम्ही चिठ्ठीच पुसून टाकली.

वर्तमानपत्राच्या वाचकालाही या रानापासून हात झटकता येत नाहीत. नेपानगरच्या गिरणीत १९५५ पासून वृत्तपत्री कागद निघू लागला, आणि तो बांबूचा व सालईचा. आमच्या वडिलांनी सकाळी चहाबरोबर हे रान वाचले आहे! २०१६ मध्ये बंद पडलेली ती गिरणी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली ती रद्दीपासून कागद करण्यासाठी. तेवढा तरी भार उतरला.

आता मी पक्ष्याचे एक चित्र घेतले की साध्या भिंगाने त्या जागेची चार घेतो: झाड, बुंधा, चढण, शेजारचे शेत; तारीख-वेळेसह. ती मिरवायला देत नाही, पण मागणाऱ्या अभ्यासकाला वा ग्रामसभेला देतो. गेल्या फाल्गुनात माझ्याबरोबर येणाऱ्या कोरकू वाटाड्याला असा एक संच दाखवला. पक्ष्यावरून त्याने भरकन नजर पुढे नेली आणि चढणीच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, ‘‘हे मोहाचे झाड आमच्या आजीचे. ह्याचा कागद मला पाहिजे.’’ दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपुरात छापून त्याला दोन प्रती पाठवल्या.