परदेशीं विद्यार्जन आणि द्रव्यसाहाय्य

मुलास अगर मुलीस उच्च शिक्षणासाठीं परदेशीं पाठवावें, ही आकांक्षा आतां मुंबई-पुण्याच्या श्रीमंत घराण्यांपुरती राहिलेली नाहीं. सांगली, जळगांव, लातूर यांसारख्या शहरांतील दुकानदार, वकील व शिक्षक यांच्या घरींही तिनें प्रवेश केला आहे, आणि आम्हांस ती सर्वथा स्तुत्य वाटते. खेद वाटतो तो ती तडीस नेण्याच्या रीतीचा. प्रवेशाचें पत्र हातीं येईपर्यंत पैशाचा विषय काढावयाचा नाहीं. तें आलें म्हणजे शेत गहाण टाकावयाचें, दागिने मोडावयाचे. आणि ज्या विद्यालयांत मूल जाणार त्याच्याकडेच साहाय्य मागावें असें कोणीं सुचविलें, तर ‘आम्ही काय भिकारी आहों?’ असा उलट सवाल करावयाचा! हा खोटा मानीपणा आमच्या होतकरू तरुणांस किती महाग पडतो, याचा विचार आज कर्तव्य आहे.

अमेरिकेचेंच उदाहरण घेऊं. तेथील नामांकित विद्यापीठांत पहिल्या पदवीच्या शिक्षणाचा वार्षिक खर्च, निवास व भोजन धरून, ८० हजार डॉलरांच्या वर गेला आहे. हा आंकडा ऐकूनच बहुतेक पालक विषय सोडून देतात. परंतु हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲम्हर्स्ट व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्था परदेशी उमेदवाराची सांपत्तिक स्थिति न पाहतां त्याच्या प्रवेशाचा निर्णय करतात, व प्रवेश दिल्यावर कुटुंबास झेपेल तितकेंच त्याजकडून घेऊन बाकीची तूट आपल्या निधींतून भरून काढतात. डार्टमथनेंही २०२२ सालीं हेंच धोरण पत्करलें. अमेरिकन सरकारचें विद्यार्थिसाहाय्य परदेशाहून आलेल्या विद्यार्थ्यास सामान्यतः मिळत नाहीं. हा पैसा संस्थेचा स्वतःचा असतो, आणि म्हणूनच ती कुटुंबाची प्राप्ति, मालमत्ता, कर्ज व पोष्य माणसें यांचा तपशील मागते. आमच्या व्यापारी वाचकांस ही भाषा परकी नाहीं. जमा आणि खर्च समोर मांडून तूट दाखविणें यास भीक म्हणत नाहींत, ताळेबंद म्हणतात. मात्र तो खरा असला पाहिजे.

अर्थात् अशा उदार संस्था मोजक्याच, आणि त्यांत प्रवेश मिळणें अत्यंत कठीण. इतर बहुतेक ठिकाणीं परदेशीयांसाठीं निधि थोडा असतो व साहाय्याची मागणी प्रवेशाचा निर्णय करतांना विचारांत घेतली जाते. याचाच फायदा घेऊन कांहीं एजंट सल्ला देतात कीं, ‘आज साहाय्याचें नांव काढूं नका, एकदां आंत गेल्यावर मागतां येईल.’ हा सल्ला घातक आहे. पुष्कळ विद्यालयांचा नियमच असा कीं, ज्या परदेशी विद्यार्थ्यानें प्रवेशाच्या अर्जासोबत साहाय्य मागितलें नाहीं, त्यास पुढें तें मागतां येत नाहीं. शिवाय व्हिसासाठीं पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. उसन्या पैशानें ती बँकेंत चार दिवस दाखवितां येईल. पण दुसऱ्या वर्षाची फी कोठून येणार? नोकरी करून भागवूं म्हणावें, तर सत्र चालू असतां विद्यालयाच्या आवारांत आठवड्यास २० तासच काम करण्याची मुभा असते. कित्येक परदेशी विद्यापीठें एजंटास दर विद्यार्थ्यामागें दलाली देतात, हेंही पालकांनीं ध्यानांत ठेवावें. ज्याची मिळकत प्रवेशावर अवलंबून, तो साहाय्याची चौकशी मनापासून कां करील?

देश व शिक्षणाची पायरी बदलली कीं हिशेबही बदलतो. अमेरिकेंत विज्ञानविषयांत पीएच्.डी. करणाऱ्यास बहुधा फी माफ होऊन अध्यापन वा संशोधनाबद्दल वेतन मिळतें. मास्टर्सच्या विद्यार्थ्यास तें क्वचितच. जर्मनींतील बहुतेक सरकारी विद्यापीठें शिकवणीची फी घेत नाहींत; बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांतांत मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर सहामाहीस १,५०० युरो फी बसविण्यांत आली. तथापि राहण्या-खाण्याचा वर्षाचा खर्च आधींच एका बंद खात्यांत ठेवावा लागतो. २०२४ सालीं ही रक्कम ११,९०४ युरो ठरविण्यांत आली. ‘फुकट शिक्षण’ या शब्दांवर भुलून निघणाऱ्यानें हा आंकडा प्रथम पाहावा.

मिळालेलें साहाय्य शेवटपर्यंत पुरेल काय, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. १९१३ सालीं सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. पुढें लंडनचा अभ्यास अर्धा असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ सालीं त्यांस परतावें लागलें. सिडनहॅम कॉलेजांतील पगारांतून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचें साहाय्य व मित्राचें कर्ज घेऊन ते १९२० सालीं पुन्हां लंडनास गेले. एवढ्या निर्धाराच्या पुरुषाचीं तीन वर्षें जेथें गेलीं, तेथें सामान्य विद्यार्थ्याची कथा काय? म्हणून साहाय्य किती वर्षांचें, कोणत्या अटीवर, आणि फी वाढल्यास तें वाढेल काय, हें लेखी विचारून घ्यावें.

याच बाबासाहेबांनीं १९१६ सालीं कोलंबियांत हिंदुस्थानांतील जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. अनुसूचित जाती व इतर वंचित वर्ग यांच्या विद्यार्थ्यांस परदेशीं पाठविणाऱ्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तींतून २०२२ सालीं भारतीय संस्कृति, इतिहास व समाज यांविषयींचे अभ्यास वगळण्यांत आले. म्हणजे या नियमानें खुद्द त्या निबंधाच्या कर्त्यासही शिष्यवृत्ति नाकारली असती! हातानें द्यावयाचें आणि काय शिकावें याला कुलूप घालावयाचें, हें औदार्य नव्हे.

परंतु सरकारास बोल लावून समाज मोकळा होत नाहीं. जमशेटजी टाटांनीं १८९२ सालीं परदेशीं जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधि स्थापन केला. मिळवता झालेल्या विद्यार्थ्यानें रक्कम परत करावी व तीच दुसऱ्याच्या कामीं यावी, ही ती युक्ति. आमच्या प्रत्येक शहरांत व्यापारी मंडळ आहे, ज्ञातिफंड आहेत, नगरवाचनालय आहे. वाचनालयानें एक टेबल मांडून अर्जांच्या मुदती, अटी व नमुने यांची माहिती विनामूल्य द्यावी. परदेशीं शिकून आलेल्यांनीं आठवड्यांतून एक तास तेथें बसावें. आणि व्यापाऱ्यांनीं जातीची चौकट ओलांडून असा फिरता निधि उभारावा. त्यांत मुलींचा हक्क मुलांइतकाच असावा. ‘मुलावर खर्च करूं, मुलीचें लग्न करूं’ ही वांटणी आतां पुरे झाली.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, परदेशाचा विचार मनांत येतांच, प्रवेशाच्या दीड-दोन वर्षें आधीं, मुलांस जवळ बसवून घरची खरी स्थिति सांगावी. कागद खरे करावेत, मुदत चुकवूं नये, आणि नि:संकोच मागावें. मागितल्यावर नकार आला तर एक दार बंद होईल. न मागितल्यास तें दार होतें हेंही कळणार नाहीं.