पुस्तकांच्या कपाटाची किल्ली



१८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मांग समाजातील शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. आपल्या लोकांचे दुःख तिने निर्भयपणे मांडले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांनीही गुलामीत पिचलेल्या स्त्रियांची व्यथा लिहिली. १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. बाराव्या वर्षी त्या कॅथलिक झाल्या. ‘टोनी’ हे नाव पादुआच्या संत अंतोनीवरून आले.

आपल्या घरी मात्र मुलीने पुस्तक उघडले की तिला कामाची हाक येते. रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या ओसरीवर पुस्तकांचे कपाट उघडावे, एकीने वाचावे, सर्वांनी त्यावर बोलावे, असे आम्हांस वाटते. जिचे दुःख आपण ऐकलेच नाही, तिच्यासाठी प्रार्थना तरी काय करणार?