झोपेत दात खाणाऱ्या बायका

आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या काहीजणी सांगतात, सकाळी जबडा आखडतो, कानशिलं ठणकतात. झोपेत दात खाल्ल्यानं हे होतं. घरचे म्हणतात, जंत झालेत. दंतवैद्य दातांचं माप घेऊन अ‍ॅक्रिलिकचा नाइट गार्ड करून देतात. तो परवडत असेल तर जरूर घ्यावा, कारण दाताचं झिजलेलं कवच पुन्हा येत नाही. (त्याचेही पैसे नवऱ्याकडेच मागायचे!) पण नाइट गार्ड दात वाचवतो, दात खाणं थांबवत नाही.

दात खाणारी प्रत्येकजण मार खाणारी असते, असं माझं म्हणणं नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे होतं. मात्र ताण हे एक मोठं कारण आहे आणि त्याबद्दल दवाखान्यात कुणी विचारत नाही. उघडपणे दातओठ खाण्याची मुभा पुरुषाला. बाईनं ते झोपेतच करायचं.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं, ते दुखण्यामागची हिंसा ओळखून बाईला आधार देण्यासाठी. दातांच्या ओपीडीतल्या डॉक्टरांनाही असं प्रशिक्षण मिळावं, ही मागणी आपण लावून धरायला हवी. माप घेताना सोबतच्यांना बाहेर बसवून एवढं तरी विचारा: घरी शांत झोप लागते का?